पायलटच्या पिशवीत राहिलेला बोल्ट

वजनकाट्यावर माणूस चढला की त्याची अब्रू मोरॅगच्या हातात असे. इन्व्हरकार्गिलच्या विमानतळाच्या मागच्या अंगाला, मोठ्या विमानांपासून लांब, पत्र्याच्या हँगरमध्ये हा काटा होता. मुळात लोकरीच्या गठ्ठ्यांसाठी बनवलेला. सामुद्रधुनीपलीकडच्या बेटावर हरणं मारायला निघालेला प्रत्येक जण बूट, कोट, पिशव्या, रायफल अशा सगळ्या लवाजम्यासकट त्यावर उभा राही आणि मोरॅग आकडा मोठ्यानं वाचून दाखवी. विमान सहा जणांचं, आणि उतरायचं ते ओहोटीनं उघड्या पडलेल्या ओल्या पुळणीवर. तिथं कुणाचे लाड चालत नाहीत. पण शिकारी ही जात मुळातच लाडावलेली. कोटाच्या अस्तरात बीन्सचे डबे, बुटाच्या नळीत व्हिस्कीची चपटी बाटली, पोटाशी बांधलेली बेकनची लादी. "हा काय गुडघा आहे का तुझा?" असं म्हणत मोरॅग एकेक जिन्नस काढून बाकावर मांडी, आणि मग बटाटे मागं ठेवायचे की व्हिस्की, यावरून चांगले पन्नाशीतले बाप्ये लहान पोरांसारखे भांडत.

बंदुकीच्या बाबतीत मात्र भांडण नव्हतं. बोल्ट म्हणजे रायफलीच्या पाठीतून मागंपुढं सरकणारा पोलादी दांडा. तो काढला की उरते ती नुसती नळी. वाऱ्यानं आपटणारं दार अडवायला ती बरी. विमानात चढण्याआधी ज्यानं त्यानं आपला बोल्ट काढून मोरॅगच्या हातात द्यायचा. ती तो मेणकापडाच्या पिशवीत घालून आपल्या, म्हणजे पायलटच्या, आसनाशेजारी ठेवी. काडतुसं वेगळी, कुलपाच्या पेटीत. पलीकडं उतरल्यावर आधी माणसं, मग सामान, मग काडतुसं, आणि सगळ्यात शेवटी, ती पुन्हा आपल्या जागी बसली की, खिडकीतून बोल्ट. खिडकीखाली सगळे हात पसरून उभे राहत, प्रसादाला राहावेत तसे. या क्रमात मोरॅगनं कधी बदल केला नव्हता आणि कधी काही विसरली नव्हती. तिला त्याची घमेंड होती. दुसरे काय काय विसरतात याची तिच्याकडं मोठी पोतडी होती. एकानं सासऱ्यालाच हँगरच्या संडासात विसरून विमान उडवायला लावलं होतं. ती गोष्ट सांगताना मोरॅग सासऱ्याचा आवाजसुद्धा काढी.

एप्रिलमधल्या त्या सकाळी काट्यावर नेव्हिल स्ट्रँग उभा राहिला, तेव्हा मोरॅगनं आकडा वाचला आणि पुन्हा एकदा काट्याकडं पाहिलं.

"बॅग चुकून दुसऱ्याची उचललीस का रे?"

"नाही."

"मग काटा बिघडला. तुझं वजन कमी भरतंय."

नेव्हिल काट्यावरून उतरला. मॉसबर्नकडचा हा मेंढ्यावाला तसाही बोलका कधी नव्हता. बोलायचं काम फर्गसचं असे. नेव्हिल आणि फर्गस यांच्या शेतांना एकच कुंपण, आणि दर एप्रिलला दोघं जोडीनं बेटावर जायचे. काट्यावर त्यांचं वजन दर वर्षी इतकं जास्त भरे की फर्गस मोरॅगला विमानाऐवजी बोट घ्यायचा सल्ला देई. गेल्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या ऑगस्टात, उतारावर चार चाकांची मोटरसायकल अंगावर उलटून फर्गस गेला. संध्याकाळ झाली तरी परत का आला नाही म्हणून बघायला गेला तो नेव्हिल. दफनाला मोरॅग होती. शवपेटीचा एक कोपरा नेव्हिलच्या खांद्यावर होता, आणि त्याच दुपारी तो फर्गसचं तुटलेलं कुंपण ओढून घ्यायला निघून गेला. लोक म्हणाले, खंबीर माणूस. आपल्याकडं रडला नाही की माणूस खंबीर ठरतो, तेवढं केलं की झालं.

"एकटाच का?" मोरॅगनं विचारलं.

"एकटाच."

"खायला काय घेतलंस?"

"आहे."

"आणि मटणाच्या पिशव्या?"

"आत असतील."

असतील म्हणे. हरणाचं मटण घरी आणायच्या सुती पिशव्या शिकारी घडी घालून सगळ्यात वर ठेवतो, कारण त्या घडीतच त्याची सगळी आशा असते. मोरॅगनं नेव्हिलची पिशवी उचलून विमानात ठेवली. एका हातानं उचलली गेली. आत एखादा स्वेटर आणि झोपायची पिशवी, एवढंच असावं. बेकनचा वास नाही, डब्यांची खडखड नाही, बटाट्यांचं टेंगूळ नाही. रायफल तेवढी तिच्या लांब पेटीत नीट होती. बोल्ट त्यानं न सांगता आणून दिला. काडतुसांचं खोकं पेटीत ठेवलं. सगळं नियमात होतं आणि तिच्या मनाला काहीच पटत नव्हतं.

सामुद्रधुनीवर वारा बेताचा होता. नेव्हिल शेजारच्या आसनावर बसला होता आणि खाली पाहत होता. खाली पाण्याशिवाय काही नव्हतं. मोरॅगनं दोन वेळा हवेबद्दल बोलून पाहिलं, एकदा लोकरीच्या भावाबद्दल. लोकरीच्या भावावर काही न बोलणारा मेंढ्यावाला तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिथं तिला पहिल्यांदा भीती वाटली. मग ती स्वतःवरच वैतागली. सुतावरून स्वर्ग गाठायची ही खोड तिच्या आईची. आई टपालात कुणी गेल्याची बातमी आणणारं काळ्या कडेचं पाकीट नसलं तरी रडायला बसायची. माणूस दुःखात आहे, भूक मेलेली आहे, त्यात नवल काय?

बेटावरच्या ड्रिफ्ट बेची पुळण मोकळी पडली होती. पाणी लांब गेलं होतं. मोरॅगनं विमान कडक वाळूवर उतरवलं, इंजिन बंद केलं. माणूस उतरला, सामान उतरलं. काडतुसांचं खोकं तिनं त्याच्या हातात दिलं आणि आपल्या जागी येऊन बसली. खिडकी उघडली. पिशवीत हात घातला आणि बोल्ट मुठीत धरला. थंड होता.

आता त्यानं खिडकीखाली यायचं. सगळे येतात. बोल्ट हातात पडेपर्यंत शिकाऱ्याला आपण बेटावर पोचलो असं वाटतच नाही. काही जण तर विमान थांबायच्या आत मागतात.

नेव्हिल आला नाही. त्यानं पिशवी खांद्याला लावली, रायफलीची पेटी उचलली, खोकं काखेत मारलं आणि वाळूच्या टेकाडांकडं चालू लागला. टेकाडांमागं शिकाऱ्यांची झोपडी होती. त्या आठवड्यात तिथं दुसरं कुणी येणार नव्हतं.

हाक मारायला कितीसा वेळ लागतो? मोरॅगला घसा होता, आणि तो चांगलाच मोठा होता. तिनं हाक मारली नाही. बोल्ट पुन्हा पिशवीत टाकला, खिडकी लावली आणि इंजिन चालू केलं. विमान वाळू सोडून वर उठलं.

आता पंचाईत अशी की पुढं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या रायफलीचा बोल्ट घेऊन उडून जाणं म्हणजे धंदा बुडवायची कामं. नेव्हिल नुसताच दुःखी असेल तर त्याची वर्षाची शिकार तिनं बुडवली होती. नसेल, तर बोल्ट नाही म्हणून काय झालं? बेटावर समुद्र आहे, कडे आहेत. बोल्ट ठेवून घेतला म्हणजे माणूस ठेवून घेतला असं होत नाही, हे तिला पुळणीवरच कळायला हवं होतं. कळलं ते हवेत. रेडिओवरून पोलिसांना कळवावं, तर तो रेडिओ म्हणजे गावची विहीर. मासेमारीच्या बोटी, झोपड्या, दीपगृहावरची माणसं, सगळे त्याच्या काठाशी बसलेले. दुपारच्या आत मॉसबर्नमधल्या शेंबड्या पोराला कळेल की नेव्हिल स्ट्रँगचं डोकं ठिकाणावर नाही. आणि तिचा अंदाज चुकीचा निघाला, तर त्या माणसाला पुन्हा गावात तोंड दाखवता येणार नाही.

बेटाच्या दुसऱ्या अंगाला, केल्प बेवर, तीन शिकारी परत न्यायचे होते. त्यांतला डग मॅकलीश हा ट्रक चालवणारा धिप्पाड गडी, आवाजानं त्याहून मोठा. तिघांच्या दाढ्या वाढलेल्या, अंगाला धुराचा आणि रक्ताचा वास, आणि मटणाच्या पिशव्या टम्म फुगलेल्या. डगनं आपला बोल्ट पुढं केला. मोरॅगनं पिशवी उघडली, आणि आतला बोल्ट डगनं पाहिला.

"हा कुणाचा गं?"

"नेव्हिल स्ट्रँगचा."

"आणि नेव्हिल स्ट्रँग कुठं आहे?"

"ड्रिफ्ट बेला."

डगनं आधी बोल्टकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि मग त्याचं पोट हलायला लागलं.

"तू विसरलीस? तू? अरे ऐका रे, मोरॅग विसरली."

"दात काय काढतोस. चढ विमानात."

"माझा रेझर राहिला होता तर तू मला दोन वर्षं दाढीवाली बाई म्हणत होतीस."

"अजून म्हणते."

"आता म्हणून बघ." डग डोळे पुसत आत चढला. "बिचारा नेव्हिल. समोर हरीण उभं असेल आणि हा त्याला दगड मारत असेल."

बाकीचे दोघं हसले. मोरॅगही हसली, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, असं झालं होतं. पण त्या हसण्यातच तिला वाट दिसली. विसरली तर विसरली. विसरलेली वस्तू परत द्यायला जावंच लागतं, आणि त्याला कुणी कारण विचारत नाही.

विमान उठल्यावर तिनं रेडिओ उचलला. पलीकडं हँगरमध्ये विरेमू बसलेला असे. विमानं त्याची, धंदा त्याचा. त्याचे आजे-पणजे या बेटांवर मटनबर्ड नावाचे समुद्रपक्षी धरायला होडीतून जात, आणि विमानाबद्दल त्याचं मत अजूनही होडीवाल्याचंच होतं: पाणी सांगेल तेव्हा जायचं, पाणी सांगेल तेव्हा यायचं.

"विरेमू, या तिघांना सोडून मी पुन्हा ड्रिफ्ट बेला जाणार आहे."

"कशाला?"

"नेव्हिलचा बोल्ट माझ्याकडं राहिला."

रेडिओ खरखरला. मग कुठल्याशा मासेमारी बोटीवरून कुणीतरी मध्येच घुसलं. "पुन्हा सांग गं मोरॅग, लाटांमुळं नीट ऐकू आलं नाही."

"तू तुझी जाळी सांभाळ."

"नाही, म्हणजे कोण विसरलं म्हणालीस?"

दुसऱ्या बोटीवरून हसणं आलं. तिसरीवरून कुणीतरी संडासातल्या सासऱ्याचा आवाज काढला, आणि तो हुबेहूब मोरॅगसारखा काढला. तिनं रेडिओ जागेवर ठेवला. मागं डग मॅकलीश आसन गदगदा हलवत होता. हसता हसता तो मध्येच थांबला.

"नेव्हिल एकटाच गेलाय का गं?"

"हो."

"हं," डग म्हणाला. मग इन्व्हरकार्गिल येईपर्यंत तो खिडकीतून मागं पडणाऱ्या बेटाकडं पाहत राहिला.

हँगरसमोर विरेमू उभा होता. मटणाच्या पिशव्या उतरेपर्यंत त्यानं कळ काढली. "पाणी फिरलंय," तो म्हणाला. "तू पोचेपर्यंत पुळण निम्मी राहील. उद्या सकाळच्या ओहोटीला दे नेऊन. एक दिवस बोल्ट नसला तर माणूस मरत नाही."

मोरॅगनं त्याच्याकडं पाहिलं. सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मागं ते तिघं उभे होते, आतमध्ये रेडिओ चालू होता.

"जाऊन येते," ती म्हणाली.

"मोरॅग, पाण्यापुढं शहाणपण चालत नाही."

"जाऊन येते म्हटलं ना."

जाताना तिनं आपला जेवणाचा डबा आणि थर्मास नेव्हिलच्या आसनावर ठेवला. का ठेवला ते तिलाही सांगता आलं नसतं. उपाशी माणसाशी बोलायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढंच.

पुळण खरंच निम्मी राहिली होती. कडक वाळूचा एक पट्टा उरला होता आणि लाटांची जीभ त्याच्या कडेला चाटत होती. मोरॅगनं एक फेरी मारून खाली पाहिलं. टेकाडांच्या पायथ्याशी काहीतरी काळं दिसत होतं. दुसऱ्या फेरीला तो माणूस आहे हे कळलं. बसलेला. ती उतरली. एक चाक पाण्यातून गेलं, खारं पाणी काचेवर उडालं. विरेमूनं पाहिलं असतं तर त्यानं तिथंच तिला नोकरीवरून काढलं असतं.

नेव्हिल आपल्या पिशवीवर बसला होता. झोपडीकडं गेलाच नव्हता. रायफलीची पेटी वाळूत आडवी, दोन्ही कड्या लावलेल्या. काडतुसांचं खोकंही तसंच, दोरी न सोडलेलं.

"लवकर आलीस," तो म्हणाला.

"तुझा बोल्ट माझ्याकडं राहिला होता."

"राहिला होता का?" त्यानं पेटीकडं पाहिलं. "माझ्या लक्षात नाही आलं."

मोरॅग त्याच्या शेजारी वाळूत बसली. वाळू ओली होती, तिची पँट भिजली. थर्मासमधून चहा ओतून तिनं त्याच्या हातात दिला. त्यानं तो धरला.

आयुष्यभर तिनं लोकांना वजन विचारलं होतं. त्यापेक्षा नाजूक प्रश्न तिला कधी विचारावा लागला नव्हता. कसा विचारतात तेही तिला माहीत नव्हतं. म्हणून वजनासारखाच विचारला.

"नेव्हिल, तू जीव द्यायला आला आहेस का?"

तो दचकला नाही. चहाकडं पाहत राहिला.

"ठरवून नाही आलो," तो म्हणाला. "एप्रिल आला, तर बेटावर जायचं, एवढंच डोक्यात होतं. सकाळी पिशवी भरली. तू खाण्याचं विचारलंस ना, तेव्हा मला कळलं की मी खायला काहीच घेतलेलं नाही. म्हटलं, अरे. म्हणजे असं आहे तर."

"मग मला 'आहे' का म्हणालास?"

"तू विचारलंस म्हणून."

लाट पट्ट्यावर थोडी आणखी वर आली. मोरॅगनं पाहिली आणि पुन्हा त्याच्याकडं वळली.

"पेटी उघडली नाहीस."

"नाही. भीती वाटत होती उघडायची. म्हणून इथंच बसलो. झोपडीत गेलो की उघडावी लागेल असं वाटत होतं."

मोरॅगला रडू आलं. ती रडणारी बाई नव्हती, पण आलं ते आलं, आणि तिनं ते बाहीनं पुसलं. नेव्हिल तिच्याकडं काहीसा नवलानं पाहत होता. मग त्यानं काडतुसांचं खोकं उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

"हेही ठेव."

"चल घरी."

"लिनेटला काय सांगू?" लिनेट म्हणजे त्याची बायको. "सकाळी गेला आणि दुपारी परत. मटण नाही, काही नाही. गावाला काय सांगू?"

"सांग, पायलट मूर्ख निघाली, बोल्ट घेऊन उडून गेली. सगळ्या सामुद्रधुनीला मी ते आधीच सांगून ठेवलंय. तुला नवं काही रचायला नको."

"तुला हसतील."

"हसतात ते. हसू देत."

नेव्हिलनं चहा संपवला. मोरॅगनं त्याला काखेत हात घालून उठवलं. पट्टा इतका अरुंद झाला होता की तिनं विमान टेकाडांच्या कडेकडेनं पळवलं. वर उठताना तिनं शेजारी पाहिलं. तो तिचं सँडविच खात होता, सावकाश, कुणी बघत असल्यासारखा.

घरी नेऊन सोडण्याइतकं हे सोपं नाही, हे तिलाही कळत होतं. डॉक्टरला सांगावं लागेल, लिनेटला तर आजच सांगावं लागेल. ते तिनं विमानातच त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली. रायफलीचं काय, ती बराच काळ कुलपात राहिली तर बरी, असंही म्हणाली. त्यालाही त्यानं मान हलवली. लोकांना काय सांगायचं, हे मात्र ठरलं होतं.

हँगरमध्ये डग आणि त्याचे दोघं सोबती अजून होते. त्यांना न्यायला येणारी गाडी आली नव्हती, की त्यांनीच तिला उशिरा बोलावलं होतं, कोण जाणे. विरेमूच्या बायकोनं गरम चीज रोलचा ट्रे आणून ठेवला होता आणि तिघं बाकावर बसून ते रिचवत होते. विरेमू रेडिओच्या टेबलाशी होता. त्यानं विमानाची चाकं पाहिली होती. चाकांत समुद्री शेवाळ अडकलं होतं.

"बोल्ट दिलास?" त्यानं विचारलं.

"नाही. नेव्हिल म्हणाला, आता मूड गेला. घेऊन आले."

"म्हणजे तू पहिल्यांदा गेलीस ती विसरलीस. मग भरतीत विमान घातलंस, ते बोल्ट द्यायला. तो दिला नाहीसच, वर गिऱ्हाईकच परत आणलंस." विरेमूचा आवाज चढत नसे, तो खाली उतरे, आणि जितका उतरे तितकं वाईट. "माझं विमान पाण्यात गेलं असतं. तू त्यात असतीस. हा असता. एका विसरण्यापायी."

"झालं खरं."

"उद्यापासून तू उडणार नाहीस. किती दिवस ते मी ठरवीन. काट्याशी बैस."

डगचे सोबती बुटांकडं पाहू लागले. आता कुणाला हसू येत नव्हतं. मोरॅगनं मान खाली घातली. शिकारीचा मोसम ऐन भरात होता, आणि या मोसमाशिवाय तिचं वर्ष म्हणजे नुसतं हिवाळ्याची वाट पाहणं. तिला ते लागलं, फार लागलं, पण काही झालं तरी बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

नेव्हिल दारात उभा होता. रायफलीची पेटी त्याच्या हातात नव्हती. ती त्यानं विमानातच ठेवली होती.

"ती विसरली नाही," तो म्हणाला.

"नेव्हिल," मोरॅग म्हणाली.

"विसरली नाही ती. मी जीवाचं काही बरंवाईट करीन अशी तिला भीती वाटली. म्हणून दिला नाही." तो प्रत्येक शब्द वेगळा उचलून ठेवत होता. "मलाही वाटत होती. अजून वाटते आहे."

हँगरमध्ये कुणी हललं नाही. विरेमूनं न बघता हात मागं नेला आणि रेडिओ बंद केला. मॉसबर्नच्या माणसानं असं काही तोंडानं बोलल्याचं तिथल्या कुणी ऐकलं नव्हतं. ऐकल्यावर काय करतात हेही कुणाला माहीत नव्हतं. नेव्हिल तसाच उभा होता, काट्यावर उभा राहतात तसा, हात बाजूला सोडून. आपण बोललो ते परत घेता येणार नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि घ्यायचंही नव्हतं.

आधी हलला तो डग मॅकलीश. एवढा मोठा देह बाकावर सरकवताना बाक करकरला. हाताएवढी जागा झाली.

"बस," तो म्हणाला.

नेव्हिल बसला. डगनं ट्रे त्याच्या पुढ्यात ओढला आणि स्वतःच्या हातातल्या अर्ध्या चीज रोलकडं पाहत राहिला.

"फर्गस तुलाच सापडला होता ना?"

आठ महिन्यांत नेव्हिलसमोर ते नाव कुणी काढलं नव्हतं. दफनाच्या दिवशीही नाही. त्या दिवशी लोक त्याच्याशी कुंपणाबद्दल बोलले होते.

"मला," नेव्हिल म्हणाला.

"कसा होता?"

विरेमूनं खुर्ची ओढून घेतली. मोरॅग लिनेटला फोन करायला निघाली होती, ती दारातच थांबली. नेव्हिलनं हात मांड्यांवर पुसले.

"बाजूला फाटक उघडं होतं," त्यानं सुरुवात केली. "मेंढ्या सगळ्या बाहेर आल्या होत्या. म्हणून मी आधी मेंढ्या आत घातल्या."